तेवीस आवाज

या खाणीत मी पहिल्यांदा उतरलो तो टिकाव घेऊन.
चिरे संपले, मुकादम गेला,
पोलिसांनी तिचीच फायरिंग रेंज केली
आणि मला म्हणाले, तुला खड्डा माहीत आहे, खड्ड्यातच बस.

एकतीस वर्षं बसलो.
डोक्यावर चौकट, चौकटीवर टार्गेटचा कागद,
शेजारी डब्यात उकड्या तांदळाची खळ
आणि जुन्या वर्तमानपत्राचे नखाएवढे चौकोन.
गोळी भोक पाडते. मी बुजवतो.
दर शनिवारी पगार नसे, महिन्याला असे.

नेम धरणाऱ्याचं तोंड खड्ड्यातून दिसत नाही.
गोळी आधी येते, कानाशी सुकी फांदी मोडावी तशी.
बंदुकीचा आवाज मागाहून, दमत,
बापामागे बाजाराहून परतणाऱ्या पोरासारखा.
या दोघांतलं अंतर सगळ्यांचं सारखंच.
माणूस कळतो
पुढची गोळी येईपर्यंतच्या रिकाम्या जागेत.

नवा पोरगा तिथे अडखळतो.
बोल्ट ओढतो, मान वर काढतो, लागली का बघतो,
पुन्हा गाल टेकायला जागा शोधतो.
तेवढ्यात माझी अर्धी विडी होते.

धाकू शिगवणच्या त्या जागेत काडीसुद्धा पेटत नसे.

एकदा माझ्या फावड्याच्या दांड्यावर त्याने दाखवलं होतं:
अंगठा आणि पहिलं बोट बोल्टवरून काढायचंच नाय,
चाप ओढायचा मधल्या बोटानं.
सोडलास की परत हुडकाय लागतो.
जत्रेत बायकोचा हात धरतोस ना, तसा धर.
(माझ्या बायकोचा हात मी जत्रेत कधी धरला नव्हता.
त्या वर्षी हर्णैच्या जत्रेत धरला.
ती म्हणाली, चक्कर येते का तुम्हाला?)

मग थ्री-नॉट-थ्री जमा करायचा हुकूम आला.
रत्नागिरीहून गाडी येऊन उभी,
आंब्याला मोहोर, वारा समुद्रावरून, तिरका.
धाकू रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली.
साहेब म्हणाले म्हणे, हवालदार, एक मिनिट. आठवण म्हणून.
लेंगा-सदऱ्यावरच आडवा झाला म्हणे.
मला यातलं काही ठाऊक नाही.
मला शिट्टी ऐकू आली.

आणि मग पत्र्यावर कोणी चिंचोके ओतावेत तसं.
दहा.
क्लिप अंगठ्याने दाबण्यापुरता श्वास.
पाच. पुन्हा श्वास, थोडा लांब.
पाच. त्याहून लांब,
त्या श्वासात मला त्याचं वय ऐकू आलं.
तीन.
दुसरी शिट्टी.

जांभ्याची लाल धूळ माझ्या केसांत बसली.
चौकट खाली ओढली, बोट ठेवून मोजलं.
बावीस.
परत मोजलं, कागद उन्हाकडे धरून.
एका भोकाची कड किंचित लांबट होती,
साळीच्या दाण्याएवढी.
दोन गोळ्या तिथूनच गेल्या म्हणालो असतो
तर विचारणारं कोणी नव्हतं,
बंदुका तर संध्याकाळी जाणारच होत्या.
पण न दिसलेलं भोक मी आजवर कोणाला दिलं नाही.
ओरडलो, बावीस.

थोड्या वेळाने खड्ड्याच्या कडेला दोन पाय.
एकतीस वर्षांत गोळी झाडून इथवर चालत आलेला पहिला माणूस.
उजव्या हाताचं मधलं बोट अजून थरथरत होतं,
की रोजच थरथरतं, मी विचारलं नाही.
तेविसावी कुठं गेली रे?
मातीत.
मग गावंल तुला, म्हणाला, आणि काडी मागितली.

पुढच्या आठवड्यात मी बांध चाळला.
चुलीवर लोखंडी कढई, सुंदरीची लाकडं.
साल वर तरंगते, ती पळीने काढायची,
खाली शिसं राहतं, गढूळ चंद्रासारखं.
बावीस कुठल्या आणि एक कुठली,
कढईला विचारून उपयोग नाही.

हर्णै बंदरात हरेश्वर पावसेने तागडी धरली.
सव्वा किलो. जाळ्याच्या कडेला ओवायला
एवढ्यात तीस-पस्तीस गुंड्या होतात.
आता कुठून आणणार, म्हणाला, बंदुका गेल्या तर.
बाजारात विकत मिळतं, मी म्हटलं.
मिळतं, पण हलकं असतं, तो म्हणाला,
आणि पापलेटाचा भाव सांगत बसला.