अळणी

पहिल्या रात्रपाळीवरून आलो तेव्हा एक बाटली आणली होती,
चुना मिसळतात त्या टाकीच्या अलीकडची.
समुद्रातून नुकतं सुटलेलं पाणी,
काहीच न आठवणारं.
आईनं घोट घेतला, तोंडात फिरवला,
खिडकीतून थुंकली.
"या पाण्याला गाव नाही," म्हणाली.

न्हा युलालियाला पाण्यांची गावं ठाऊक होती.
ताराफालचं यायचं समोरच्या बेटावरून, होडीच्या पोटातून,
डांबराचा वास घेऊन.
घळीतल्या विहिरीचं मचूळ,
त्यात मका दुपारपर्यंत दगड राहायचा.
धक्क्यापासून चढावरच्या कोळसा कंपनीच्या बंगल्यांपर्यंत
तिनं ते डोक्यावर नेलं,
तेलाचा रिकामा डबा, हिंदकळू नये म्हणून वर बाभळीची डहाळी.
माझ्या वेळी नववा महिना लागला तरी.
सांडलेल्या पाण्याचे पैसे कापून घेत,
हे ती अजून आकड्यासकट सांगते.

मी तिला समजावत राहिलो.
की आम्ही समुद्राला रेटतो एका पडद्यावर,
पडदा नळकांड्यात गुंडाळलेला, केळफुलासारखा,
पदराआत पदर.
पाणी अंग चोरून पलीकडे निघून जातं,
मीठ दारातच उभं राहतं.
"आणि त्या मिठाचं काय करता?"
परत देतो, म्हटलं. शंभर डब्यांतले चाळीस ठेवतो,
साठ परत, पहिल्यापेक्षा खारट.
ती बराच वेळ गप्प होती. मग,
"विचारलंत का त्याला?"

नव्या पाण्यात मात्र मका तासाभरात फुलला.
हे तिनं मान्य केलं,
झाकण उघडून, वाफेकडे पाहत, माझ्याकडे न बघता.
पण पिण्याच्या माठात ती अजून एक खडा टाकते,
सुपारीएवढा, काळ्या डोंगरातला.
कशाला, विचारलं तर म्हणते,
"ओळख असावी."

मग तो फेब्रुवारी.
वाळवंटावरून धूळ आली, समोरचं बेट दिसेना,
आणि मोठा पंप बसला.
सुटा भाग लास पाल्मासहून बोटीनं यायचा होता,
बोट धुळीत अडकलेली.
नवव्या दिवशी शाळा बंद झाल्या.
दहाव्या दिवशी धाकट्या जेनीनं कोकाकोलानं दात घासले.
अकराव्या पहाटे मी फाटकाबाहेर आलो तर
आई बसलेली, डबा पालथा घालून त्यावर.
तो डबा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.
कुठून भरणार होतीस, विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
आत कुणीतरी बटण दाबलं,
जमीन आधी थरथरली, मग आवाज चढला
दाव्याला ओढ देणाऱ्या जनावरासारखा,
आणि ती उठली, डबा झटकला.
"हंबरतंय तुझं," म्हणाली. "जा, बघ त्याच्याकडे."

आता उतारावर दोन माणसं मागे असतात तिच्या,
एक मी, एक शेजारचा ऑर्लांदो, गळ टाकणारा.
तो सांगतो, आमच्या पाइपाच्या तोंडापाशी
ऑक्टोपस येत नाहीत हल्ली.
आई माझ्याकडे बघते.
मी समुद्राकडे.

घरी येऊन सदरा काढतो, दोरीवर टाकतो,
उन्हात तो कडक होतो.
पाठीवर पांढऱ्या रेघा, एकीत एक,
ओहोटीनं वाळूवर सोडाव्यात तशा.
"रात्रभर काढलंस ते हेच ना?" ती विचारते,
आणि नळ सोडते त्यावर,
धार बारीक ठेवून,
खाली बादली धरून.