खाल्ल्या मिठाला

सार्सेनबायची तांबडी गाय
पंपघराच्या पायरीपाशी यायची, थांबायची,
पुढचा खूर उचलून तसाच अधांतरी धरायची
आणि कालव्याचं पाणी न पिताच माघारी फिरायची.
माजलीय, म्हणाले लोक.
शेजारणीने तिला हरमळाचा धूर दिला.
मी हसले. मी सात नंबरची वायरमन,
मला कोण विचारतंय गाईचं?

मार्च. अमू दर्याचं पाणी वर चढवायचे दिवस.
कापूस पेरण्याआधी शेतं धुवावी लागतात इथे,
मीठ खाली ढकलावं लागतं, दरसाल,
खरकटं भांडं घासावं तसं.
समुद्र कधीचा उठून गेला,
जाताना मीठ तेवढं विसरला.
भर दुपारी जमिनीवर
पिठूर चांदणं पडलेलं.

मग ओराझने ओल्या हाताने
कठडा धरला,
आणि हात सुटेना.
येर्नियाझने लाकडी खुर्चीने ढकललं
म्हणून तो आज, डाव्या हाताने का होईना,
चहा ओततो.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतात ना.
इथे वीज मुरत नव्हती, हेच दुखणं.
जिने निमूट जमिनीत उतरायचं
ती मोटारीच्या अंगावर, नळाच्या सांध्यावर,
ओल्या सिमेंटवर रेंगाळत होती
कुणाच्या तरी पायांची वाट बघत.

मी वही काढली.
अर्थिंगचा रोध: तीन पूर्णांक आठ ओहम.
त्याच्या वर, तीन पूर्णांक आठ.
त्याच्याही वर.
अकरा वसंत, एकच आकडा.
पहिल्या सात ओळी जोलदासच्या, तो आता नाही.
शेवटच्या चार
माझ्या अक्षरात.
मीटर बिघडलं होतं तेव्हा. वायर कमी पडत होती.
थंडी होती.

नुकुसहून मीटर मागवलं.
वीस मीटरवर एक खुंटी, चाळीसवर दुसरी.
एकतीस.
पुन्हा. एकतीस.
खुंटी नीट बसली नसेल, येर्नियाझ म्हणाला.
नीट बसली होती.

खणलं.
अंगठ्याएवढी जाड सळई पुरली होती म्हणे.
वर आली ती दाभणाएवढी, तीही अर्धीच,
चिमटीत धरली तर विटेची भुकटी.
ह्या मातीला विजेची ओढ फार, मिठामुळे.
चटकन पोटात घेते,
आणि ज्या हाताने भरवावं
तो हातही खाते.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ती रात्रंदिवस जागीच होती.
झोपले होते ते आम्ही.

तांब्याच्या मुलाम्याच्या नऊ सळया ठोकल्या,
घणाखाली ओराझचा भाऊ, शिव्या देत.
पंपघराला कमरेइतक्या खोल पट्टीचं कडं घातलं,
सांधे बोल्टाने नाही, वितळवून.
मोटार, नळ, झडप, कठडा, पायरीखालची जाळी
सगळे एकमेकांना बांधले:
आलं तर सगळ्यांच्या अंगावर एकदम येऊ दे,
म्हणजे मधे उभ्या माणसाला कळतही नाही.
एका सळईवर झाकणाचा खड्डा ठेवला,
पुढच्या वर्षी
कुणाला सबब सांगता येऊ नये म्हणून.
कुणाला म्हणजे मलाच.

दोन पूर्णांक सहा.
तारीख घातली, सही केली.
मागच्या चार ओळींवर काट मारावीशी वाटली.
मारली नाही. समासात लिहिलं,
मोजलं नव्हतं.

संध्याकाळी गाय आली.
पायरीपाशी थांबली, खूर उचलला.
सार्सेनबाय काही बोलला नाही, मीही नाही.
वहीतलं तिला वाचता येत नाही,
आणि वाचता आलं असतं
तर त्या अकरा ओळीही तिने वाचल्या असत्या.

पंप घुमतोय. पाणी चढतंय.
खूर अजून
वरच आहे.