अदखलपात्र

गायधने, वरच्या खोलीत तुम्ही रात्री मोबाइलवर काय बघता
मला माहीत नाही,
गोळीबार तेवढा जिन्यातून खाली येतो.
रागावू नका. एक मालिका सांगतो. 'अदखलपात्र'.
नावाचीच शिक्षा लागली तिला, कुणी दखल घेतली नाही.
एकेचाळीस भागांत बंद पडली.
विट्यात ती दोन घरांत लागायची,
एक माझं,
दुसऱ्यात रिमोट बिघडलेला होता.

आधीच सांगतो, पहिले चार भाग रटाळ आहेत.
दुसऱ्यात मढं श्वास घेतं, स्पष्ट दिसतं.
संगीत असं, की कुणी मांडणीवरचे डबे पाडतंय.
तरी बसा.
कोइमतूरला सव्वीस वर्षं गलाईचं दुकान होतं माझं.
आम्ही केर टाकत नाही.
जाळतो, राख धुतो, धुतलेली पुन्हा धुतो,
दिवाळीच्या आत त्यातनं बारकी अंगठी निघते.
तसं बघायचं.

हवालदार कमळ धोत्रे. पन्नाशी, गुडघेदुखी,
मुद्देमालाच्या खोलीवर नेमणूक.
पिस्तूल नाही, पाठलाग नाही,
चिठ्ठ्या चिकटवतात बाई:
स्टीलचा डबा एक, झाकण नसलेला.
चप्पल एक, डाव्या पायाची.
आणि विचारतात, झाकण कुठं गेलं?
एवढ्यावर तीन भाग जातात, गायधने,
आणि तुम्ही पाणी प्यायलाही उठत नाही.
खून कुणी केला ते नवव्या मिनिटाला कळतं.
उरलेला वेळ
त्याच्या आईला हे कोण सांगणार, यात जातो.

सतरावा भाग एकट्यानं बघा.
त्यात आमच्यातला एक आहे, गलाईवाला,
चोरीचं सोनं आटवलं म्हणून उचललेला.
नटाला चिमटा धरता येत नाही,
मूस अशी धरलीय जशी चहाची कपबशी,
ते सोडून द्या.

मलाही उचललं होतं. नव्व्याण्णव साली.
पेटती भट्टी तशीच राहिली.
भाषा त्यांची, कागद त्यांचा, सही माझी.
चौदा तोळे भरून दिले तेव्हा बाहेर आलो.
गावाकडं म्हणालो, धंदा मंदा आहे यंदा,
आणि बहिणीच्या लग्नात
पाटल्यांचं कुणी विचारू नये म्हणून
तीन दिवस मांडवात वाढपी झालो.

तर तो माणूस ठाण्यात उभा आहे.
कमरेचा पट्टा काढून घेतलाय, तसा नियमच असतो,
एका हातानं पँट धरून तो साहेबांना उत्तरं देतोय.
धोत्रे आत जातात.
सुतळीचा गुंडा आणतात,
हातभर तोडून त्याच्यापुढं धरतात.
म्हणतात, बांधा आधी. मग बोलू.

बस. एवढंच आहे सतराव्या भागात.
आमची मंडळी चहा घेऊन आली
तेव्हा मी मोरीत होतो, नळ सोडून.
काय झालं म्हणाली. म्हटलं, डोळ्यात राख गेली.
भट्टी विकून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

शेवटचा भाग लागला त्या रात्री
मागल्या गल्लीतले यंत्रमाग एकदम थांबले.
इथं लाइट गेल्याचं आधी कानाला कळतं.
सव्वा तास अंधारात
मी बंद टीव्हीसमोर बसलो, चप्पल घालून.
आता सगळी मालिका मोबाइलवर आहे, नातवानं दाखवली.
मी चाळिसाव्यापर्यंत येतो आणि थांबतो.
धोत्र्यांची बदली होणार असं घाटत होतं.
झाली की रद्द झाली, मला कळायला नको.
बदली झाली असेल तर त्या खोलीची किल्ली
कुणाच्या हातात गेली, तेही नको.

तुम्ही बघा. रविवारी पोस्ट बंदच असतं.
आवडली नाही तर या महिन्याचं
पाण्याचं बिल मी भरतो.
शेवट मला सांगू नका,
जिन्यात भेटलो तरी पावसापाण्याचं बोला.
फक्त एकेचाळिसावा लावाल तेव्हा
आवाज जरा मोठा ठेवा.