केसांची बाजू

हॅरोहून आम्ही अठरा जण, मंडळाची सहल.
देवस्थळीबाईंची मिटलेली छत्री हवेत,
तिच्यामागून वेस्टमिन्स्टरच्या उंच मनोऱ्यात.
लिफ्ट लहान. चौघं-चौघं.

वर थंडी. दिवे मंद.
लग्नघरात सतरंज्या गुंडाळून रचाव्यात
तसे कायदे रचलेले,
प्रत्येकाला दोऱ्याने अडकवलेला बिल्ला.
मीठ. पूल. कालवे. कुणाचा घटस्फोट.
एक नुसताच कुणा परदेशी सावकारासाठी,
त्या एकट्याला नागरिक करून घेणारा.
"आम्हाला अकरा वर्षं लागली," परचुरे म्हणाले,
आणि सगळे हसलो.

"वासराचं कातडं," मिस ऑल्डरटन सांगत होत्या,
"पाचशे वर्षं टिकतं, नीट ठेवलं तर."
देवस्थळीबाईंचा हात स्कार्फपर्यंत गेला,
नाकापर्यंत नाही गेला.

मग त्यांनी एक कोरा तुकडा फिरवला.
याला दोन बाजू, एक केसांची, एक मांसाची,
ओळखा पाहू.
कुणी तो चिमटीत धरला,
कुणी उजेडात,
वैद्यांनी तर न बघताच पुढे दिला.
माझ्याकडे आला
आणि अंगठा आपला आपणच आडवा फिरला.

आबा चुन्याच्या हौदात गुडघाभर उभे राहायचे.
पेरांना भोकं पडलेली,
भाकरी मोडताना झोंबायची.
पसरलेल्या कातड्यावर अंगठा फिरवून म्हणायचे,
हा जू ओढून ओढून मेला,
हिला गोचिडं फार होती, बिचारीला.

"ही केसांची," मी म्हणाले.
"आणि इथे बघा. गोचीड चावलेली."

मिस ऑल्डरटननी चष्मा कपाळावर सरकवला.
"तुम्ही बाइंडिंग करता?"
"नाही. हॉस्पिटलात हिशेब बघते."
"मग?"

मग.
बावीस वर्षं मंडळात मी नुसती सोलापूरकडची.
आडनाव गावावरून घेतलेलं,
त्यातून काही वास येत नाही.
गणपतीत मोदक वळताना
माझ्या कळ्यांचं कौतुक व्हायचं.

"फॅमिली बिझनेस," मी म्हणाले.
इंग्रजीत फार सभ्य वाटतात हे दोन शब्द.
मराठीत कुणी भाषांतर केलं नाही.
पण झालं असावं,
कारण वैद्यांनी खिसे चाचपले, उगीचच,
आणि परचुऱ्यांना एकदम आठवलं
की पार्किंगची वेळ संपत आलीय.

उतरताना मी लिफ्ट सोडून जिना धरला.
गोल, लोखंडी, न संपणारा.
शंभरानंतर मोजणं चुकलं.

खाली नदीकाठच्या हिरवळीवर डबे उघडले होते.
देवस्थळीबाईंच्या बाकरवड्या हातोहात निघाल्या.
सांगायचं तर त्या तुकड्याला कसलाच वास नव्हता,
चुन्याचाही नाही,
तरी मी दोनदा अंगठा हुंगून पाहिला.

डबा वैद्यांपर्यंत आला.
त्यांनी दोन घेतल्या, झाकण हातात तसंच.
पर्समध्ये ओले टिश्यू होते.
मी हात पुसले नाहीत.