भाडेकरू

सूक्ष्मदर्शकाखाली ते जांभळे दिसतात,
अगरबत्तीच्या तुटक्या काड्यांसारखे,
कुठे एकेकटे, कुठे तिघे-चौघे टोकाला टोक लावून.
परळच्या लॅबमध्ये मी रोज गुन्हेगार शोधते.
सज्जनांसाठी फॉर्मवर रकाना नाही.

मार्चमध्ये टायफॉइड निघाला तो माझ्याच घरी.
निनादला चौदा दिवस इंजेक्शनं.
ताप उतरला आणि पोट सुटलं.
नऊ वर्षांचं पोर, लाजरं,
संडासाची कडी लावायलाही त्याला वेळ पुरेना.

डॉक्टर सुखटणकर म्हणाले,
"औषधानं अख्खी बिल्डिंगच रिकामी केली, मॅडम.
जुने पागडीवालेसुद्धा गेले.
या कॅप्सूल द्या. आत लॅक्टोबॅसिलस आहे.
मुक्काम नाही करायचे ते,
अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही,
चार दिवसांचे पाहुणे.
पण जिना झाडतील, दिवा लावतील,
तोवर मूळचे परततील बहुतेक."
बहुतेक हा शब्द ते दोनदा म्हणाले.
म्हणून मी विश्वास ठेवला.

आणि दही द्या, म्हणाले. घरचं.

घरचं कुठलं?
हॉस्पिटलच्या धावपळीत आमचं विरजण
फ्रिजमध्ये हिरवं होऊन गेलेलं.
रात्री साडेनवाला वाटी घेऊन खाली गेले,
लूर्दस तुस्कानोच्या दारात घुटमळले:
दिवेलागणीनंतर विरजण मागू नये म्हणतात.
"आमच्यात नसतं तसलं काही," ती म्हणाली,
"वसईहून लग्नात आणलेलं आहे. बावीस वर्षं झाली.
नवरा गेला, हे चालूच आहे."
चमचाभर दिलं. वर झाकण म्हणून
चर्चच्या कॅलेंडरचं एक पान.

बेत मोडला की विरजण पडलं म्हणतो आपण.
कोणी ठरवलं हे?
कोमट दुधात बोट बुडवून पाहिलं,
वाटीच्या तळाला ते फासलं,
आणि रात्रभर, पंखा बंद करून,
न दिसणाऱ्या त्या बिऱ्हाडांना उकाडा दिला.
आम्हीही घामाघूम झोपलो.

सकाळी दही लागलं होतं.
त्यातला थेंब लॅबमध्ये नेला, चोरून,
काचेवर पसरला, रंगवला.
काड्या. जांभळ्या. वसईच्या.
रिपोर्ट कुणाच्या नावानं काढायचा?

कॅप्सूलनं झालं, दह्यानं झालं,
की नुसतेच दिवस गेले म्हणून,
हे मला सांगता येणार नाही, आणि माझा तर धंदाच तो.
एवढंच की नवव्या की दहाव्या दिवशी
मी पोळी लाटत होते,
आणि आतून आवाज आला:
कडी लागली.