हमरानिया, दसऱ्याच्या सकाळी

रात्रपाळी संपवून तशीच पिकअपमध्ये बसले,
हातांना अजून डायलिसिसच्या खोलीचा वास.
मुकादमचाचांनी गुडघ्यांत धरून थर्मास उघडला.
"झोप येत आसल तर झोप.
पाखरां काय पळून जात नाहीत."
मग स्वतःच हसले, कारण ऑक्टोबरात
पळून जाणं एवढंच तर त्यांचं काम.

हजरच्या डोंगरामागून सूर्य उशिरा येतो.
त्याआधी धुकं, खाडीकडचं, जिभेला खारट लागणारं,
आणि त्यात बुंधे पुसलेली गाफची झाडं.
गाफ म्हणजे शमी.
हे कळायला मला चार वर्षं लागली;
तोवर तिच्याच सावलीत बसची वाट पाहत
मी घरच्या दसऱ्याची आठवण काढत होते.

दुर्बिणीच्या उजव्या काचेत बुरशी आहे.
डाव्या डोळ्याने बघते, उजवा मिटून.

सहा चाळीस. टिटव्या दोन. इथेही तितक्याच चोंबड्या.
सहा पंचावन्न. भोवत्या, मादी,
लसूणघासावरून इतकी खाली
की पात्यांवरचं दव हललं.
सात दहा. पिवळे धोबी,
कापणीच्या यंत्रामागे तुरुतुरु, शंभर, सव्वाशे,
मग मोजणं सोडलं.

रफीकुल यंत्र बंद करून खाली उतरला.
"खंजन," म्हणाला.
मी म्हटलं, आम्ही धोबी म्हणतो, कुणी परीट.
तो बघतच राहिला.
शेतावर यायच्या आधी नऊ वर्षं
तो शहरात इस्त्रीच करत होता.
"तो हम भी खंजन!"
कंबर दोनदा खालीवर हलवून दाखवली,
गमबुटातला चिखल झटकला,
आणि परत वर चढला. पुन्हा घरघर.

साडेआठलाच उन्हाने धुकं गिळलं.
फवाऱ्याचा लांब हात शेतावरून फिरत होता,
त्याच्या टोकाशी दर फेरीला तेवढ्यापुरतं इंद्रधनुष्य,
ज्याच्याकडे तिथे कुणीच बघत नव्हतं.

चाचांची वही म्हणजे
एका बुडालेल्या जहाज कंपनीची पावतीपुस्तकं.
'माल' खाली पक्षी, 'नग' खाली आकडा,
'भाव' कोरा.
बावीस शरद अशा पावत्यांवर.
डिसेंबरात ते खेडला जातील, कायमचे.
पुस्तकं कुणाला देणार, मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

आईचा फोन: नीलपंख दिसला का गं आज?
दसऱ्याला दिसला की वर्ष चांगलं जातं.
अगं, इथे तो तारेवर बसलेलाच असतो,
आत्ताही आहे, पाठ करून.
"मग नमस्कार कर," ती म्हणाली.
एका हातात फोन होता, दुसऱ्याने केला.

आम्हाला मात्र दुसरा हवा होता,
त्याचा उत्तरेकडचा भाऊबंद,
ज्याची छाती तपकिरी नसते, निळीच असते,
जो इथे फक्त जाता जाता टेकतो.
सप्टेंबरभर आलो. नव्हता.

नऊ वीस.
खजुराच्या शेडवरून काहीतरी निळं उठलं,
पंखांचे दोन फटकारे,
आणि उन्हात शिरलं. संपलं.
माझं पेन कागदावर टेकलंही होतं.

"लिवू नको," चाचा म्हणाले.
"पण तुम्हीही पाहिला."
"निळा पाह्यला. त्याला नाय पाह्यला."
त्यांनी चष्मा काढला,
सदऱ्याच्या टोकाने पुसला,
घातला, पुन्हा काढला.

गाफखाली पडलेल्या पाल्यातून
त्यांनी चिमूटभर पानं उचलली
आणि माझ्या ओंजळीत टाकली, धुळीसकट.
"घे सोना. तोडू नको हां, दंड हाय हिकडं."

परतीला चाक वाळूत रुतलं.
रफीकुल आणि आणखी तिघं ढकलायला आले,
चाचा खाली उतरून ओरडत होते, डावीकडं, डावीकडं,
आणि मी एकटी सीटवर, पुस्तक मांडीवर.
नऊ वीसपुढे, 'नग' च्या रकान्यात
मी पेनाने एक टिंब दिलं,
शाई सांडल्यासारखं.

रात्री त्यांनी पान उलटलं असेल.
काही बोलले नाहीत.