आतल्या बाजूचं भोक

उभा राहिलो की यायचं.
बेंबीच्या डावीकडे, चार बोटं खाली,
लिंबाएवढं.
आडवा झालो की गायब.

आणि डॉक्टर लोक आधी आडवंच करतात.

तीन दवाखाने झाले. सोनोग्राफी झाली, तीही निजवून.
रिपोर्ट नॉर्मल.
गिरीधर म्हणाला, बापू, हातोडा नको झालाय तुम्हाला,
सरळ सांगा ना.
तांबट आळीत बेचाळीस वर्षं ठोके घातलेल्या माणसाला
पोटचा पोरगा असं म्हणतो.

गंगापूर रोडच्या खैरनार बाईंनी मात्र
उभंच ठेवलं.
म्हणाल्या, घाला ठोका.
कशावर?
हवेवर.
मी श्वास कोंडून हवेतच घागर मठारली.
सातव्या ठोक्याला त्यांचं बोट थांबलं.

शंभर हर्नियांत असा एखादा, म्हणाल्या.
स्पायगेलियन.
मला ते बिस्किटाचं नाव वाटलं.
वरचा पदर शाबूत, आतला फाटलेला,
मधल्या सांदीत आतडं येऊन बसतं,
म्हणून बाहेरून हाताला लागत नाही.
हे मात्र चटकन समजलं.
वरून लखलखीत घागर कुठूनशी झिरपते,
तेव्हा आम्ही तिचा तळ उन्हाकडे करून
आत डोळा लावतो.

तीन छिद्रं पाडली, एकही करंगळीहून जाड नाही.
भात्याने फुगवावं तसं पोट फुगवलं,
दुर्बीण घातली, आतून जाळी बसवली.
हे सगळं ऐकीव. मी झोपलो होतो.

जागा झालो तर ठणकत होता खांदा.
पोटातला वायू खांद्यातून बोलतो, सिस्टर म्हणाली,
जसं काही हे शाळेत शिकवतात.

चौथ्या दिवशी गिरीधरने मोबाईलवर ऑपरेशन लावलं.
ओला गुलाबी उजेड,
तापवून नुकत्याच विझवलेल्या तांब्याचा रंग,
आणि त्यात ते.
गुळगुळीत काठाचं, जुन्या आठ आण्यांएवढं.
त्याने तिथेच थांबवलं.
मागे नेलं. परत पाहिलं.
मग चार्जर शोधायला उठला.

दीड महिना काही उचलायचं नाही.
खाली बंबाचा पत्रा आता त्याच्यासमोर,
मी वर खाटेवर, पोटाशी उशी धरून.
ठाक, ठाक, ठाक, आणि एक भलतीकडेच.
घाई करतो. पत्रा फिरायच्या आत मारतो.
ओरडून सांगावं तर टाके ओढतात,
हसावं
तर जास्तच.